२६ तारीख, १ जून आणि कोयनेची पहाट

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने नव्या गाडीची डिलिव्हरी चार दिवस पुढे ढकलली. पैसे भरून झालेले, पासिंग झालेलं, पण शोरूमवाल्यांनी २६ तारीख दिली आणि नेमका त्याच आठवड्यात मावशीच्या मोबाईलवर तो जुना फॉरवर्ड परत फिरून आला. भूजचा भूकंप २६ जानेवारी २००१, त्सुनामी २६ डिसेंबर २००४, मुंबई पाण्यात गेली २६ जुलै २००५, मुंबईवरचा हल्ला २६ नोव्हेंबर २००८. खाली लिहिलेलं, २ अधिक ६ बरोबर ८, आठ हा शनीचा आकडा, जपून राहा. चारही तारखा खऱ्या आहेत आणि म्हणूनच हा मेसेज मरत नाही. मावशीला फोनवर समजावून बघितलं पण फोनवर गणित पोचत नाही, तेव्हा इथे नीट लिहितो.

मी साताऱ्यात नववी-दहावीचे गणिताचे क्लास घेतो. दर जूनला नवी बॅच आली की पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतो, वर्गात किती पोरं असली म्हणजे दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते? बहुतेक पोरं ३६५ चे निम्मे करतात आणि १८३ सांगतात. खरं उत्तर २३ आहे. फक्त तेवीस! मला हे उत्तर पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री वहीत स्वतः करून बघितल्याशिवाय झोपलो नव्हतो.

आपण चुकतो कुठे तर आपण मनात स्वतःचा वाढदिवस धरून बसतो, "माझ्या तारखेचा कोण आहे?" असं शोधतो. त्यासाठी खरंच २५३ माणसं लागतात. पण प्रश्न तो नाहीये, प्रश्न आहे कुठल्याही दोघांचा, आणि दोघांच्या जोड्या मोजायला लागलं की आकडा भराभर फुगतो. २३ पोरांतल्या प्रत्येकाने बाकीच्या २२ जणांशी हात मिळवला तर २३ गुणिले २२, आणि एकच हस्तांदोलन दोनदा मोजलं जातं म्हणून भागिले २, म्हणजे २५३. परत तोच २५३! म्हणजे पोरं तेवीसच, पण तारीख जुळायच्या संधी अडीचशेच्या वर.

आता नेमकं गणित. सरळ जुळण्याची शक्यता काढायला गेलं की गुंता होतो, म्हणून उलटं जायचं, कुणाचीच तारीख जुळू नये याची शक्यता काढायची. पहिला पोरगा कुठलीही तारीख घेऊन येऊ दे. दुसऱ्याने ती सोडून बाकीच्यातली आणायची, ३६५ पैकी ३६४. तिसऱ्याला ३६३ मोकळ्या, चौथ्याला ३६२, असं करत तेविसाव्याला ३४३. हे सगळे अपूर्णांक एकमेकांशी गुणायचे. प्रत्येक अपूर्णांक एकाच्या अगदी जवळ आहे, सुटा बघितला तर काहीच वाटत नाही, पण थोडा थोडा झिजत गुणाकार २३ व्या पोरावर ०.४९३ ला येतो. म्हणजे कुणाचंच न जुळण्याची शक्यता ४९.३ टक्के आणि कुणाचं तरी जुळण्याची ५०.७. पोरं ४० झाली की ८९ टक्के, ५७ झाली की ९९. यंदाच्या बॅचला ४१ पोरं आहेत. एकेकाला उभं करून तारीख फळ्यावर लिहित गेलो आणि एकोणिसाव्या मुलीने ९ ऑक्टोबर सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून "सर, माझी पण!" असा जो आवाज आला तो मला दरवर्षी तितकाच आवडतो.

हे गणित सगळ्या तारखा सारख्याच वेळा येतात असं धरून केलंय. त्याच पोरांच्या आजी-आजोबांना उभं केलं तर? आपल्याकडे जुन्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून असतो. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लावून मोकळे व्हायचे. माझ्या वडिलांची १ जून, दोन्ही काकांची १ जून, वर्षं फक्त वेगळी. इथे तारखा जुळल्या त्या नशिबाने नाही, त्यामागे एक सरळ कारण आहे, आणि वाटणी अशी एकीकडे झुकली की तेवीस माणसंसुद्धा लागत नाहीत. २६ जानेवारीचं तसंच आहे. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं पण लागू व्हायला २६ जानेवारी १९५० ची वाट बघितली, कारण १९३० साली त्याच तारखेला पूर्ण स्वराज्य दिन पाळला होता. ती तारीख माणसांनी ठरवून जुळवली.

आता मावशीच्या मेसेजकडे येतो. त्यात महिना धरलेलाच नाही, नुसती २६. म्हणजे एक तारीख हा एक डबा धरला तर ३६५ डबे राहिले नाहीत, साधारण ३० उरले. तीस डब्यांत नुसत्या सात घटना टाकल्या तरी दोन एकाच डब्यात पडण्याची शक्यता ५३ टक्के होते. आणि मोठ्या घटना काय सातच आहेत का? पोरांना घेऊन क्लासमध्ये एक प्रयोग केला, ३० फरश्या खडूने आखून घेतल्या आणि शाळूचे मोजून १०० दाणे वरून उधळले, बाहेर गेलेले उचलून परत टाकले. सरासरी एका फरशीला तीन-साडेतीन दाणे. प्रत्यक्षात एका फरशीवर ७ आले आणि खिडकीजवळची एक पूर्ण कोरी राहिली. त्या सात दाण्यांच्या फरशीत काही दोष नव्हता, अशी एखादी फरशी निघतेच. मेसेज लिहिणारा आधी दाणे उधळतो आणि मग दाट पडलेल्या फरशीभोवती खडूने गोल काढतो. त्याच फरशीवरचे चांगले दाणे मात्र तो उचलून टाकतो. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा आहे. घरोघरी डेअरीला दूध घालणाऱ्या आपल्या भागाने तरी लक्षात ठेवावं की अमूलवाले, धवलक्रांतीचे जनक वर्गीस कुरियन २६ नोव्हेंबर १९२१ चे. कारगिल विजय दिवस २६ जुलैला असतो. यातला शनी कुठे गेला?

शिवाय त्या चार तारखा तरी किती पक्क्या आहेत बघा. सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस २६ जुलैच्या सकाळी साडेआठ ते २७ च्या सकाळी साडेआठ असा मोजलेला आहे, हवामान खात्याच्या नोंदीत तो २७ तारखेला लागतो. त्सुनामीचा भूकंप झाला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये २५ डिसेंबरची संध्याकाळ होती. मुंबईवरचा हल्ला २९ च्या सकाळपर्यंत चालला. त्याच २००५ च्या पावसाळ्यात सांगलीत कृष्णेचं पाणी घराघरात शिरलं होतं, पण पाणी चढायला आणि उतरायला दिवसच्या दिवस गेले, त्याला एक तारीख चिकटवता येत नाही, म्हणून ते कुठल्याच यादीत नाही. ज्या लोकांनी तेव्हा भिंतीवरच्या चिखलाच्या रेघा पुसल्या त्यांना हे सांगायला लागत नाही.

तारखेचं हे असं असतं ते मला आमच्या पाटणच्या मामांमुळे कळलं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. आजीने त्यांना गोधडीसकट उचलून अंगणात आणलं आणि मागे घराची भिंत बसली, गोठ्यातल्या म्हशीचं दावं तुटलं होतं आणि ती उजाडेपर्यंत अंगणातच थरथरत उभी होती, एवढं त्यांना आजही आठवतं. मागच्या वर्षी पोरांना म्हटलं, भूकंपांच्या जागतिक यादीत आपला भूकंप शोधा. ११ डिसेंबरला सापडेना. पोरं म्हणाली, सर, यादीत आपल्या कोयनेचं नावच नाही. मग एका मुलीने एक ओळ वर जाऊन बघितलं तर होता, १० डिसेंबर, २२ वाजून ५१ मिनिटं. त्या याद्या जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. तिने वहीत बेरीज केली, २२:५१ अधिक ५:३० बरोबर २८:२१, त्यातून २४ वजा केले, ४:२१ उरले, आणि ती वही घेऊन माझ्याकडे आली. मी तिथूनच मामांना फोन लावला आणि वही तिच्या हातात तशीच ठेवून फोन तिला दिला.