जेन्युइन की ओईएम? जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचे पार्ट घेताना

जुन्या स्पोर्ट्स कारचा वॉटर पंप शोधायला निघालं की दोन डबे समोर येतात. एकावर गाडीच्या कंपनीचं चिन्ह, दुसऱ्यावर पंप बनवणाऱ्या कारखान्याचं नाव. दोन्ही विकणारे छातीठोकपणे ‘ओरिजिनल’ म्हणतात, आणि किमतीत मात्र कधी कधी दुपटीचा फरक असतो. काही जण भीतीपोटी डोळे मिटून महागडा डबा उचलतात. काही जण कारखान्याचं ओळखीचं नाव दिसलं की तोच माल आहे असं धरून चालतात. यातल्या पहिल्यांचे पैसे वाया जातात. दुसऱ्यांचं इंजिनही जाऊ शकतं.

जेन्युइन पार्ट म्हणजे गाडीच्या कंपनीच्या डब्यातून, तिच्या पार्ट नंबरवर, तिच्या डीलरमार्फत येणारा पार्ट. तो कंपनीने स्वतः घडवलेला असतोच असं नाही. गॅस्केट (जोडातून गळती होऊ नये म्हणून मध्ये घालायचा थर), बेअरिंग, सेन्सर, प्लग असल्या गोष्टी तर सहसा बाहेरूनच येतात. माले आणि कोल्बेनश्मिट पिस्टन देतात, व्हिक्टर राइन्झ आणि एल्रिंग गॅस्केट देतात, बॉश इंजेक्शनचं सामान देते, जपानी गाड्यांना डेन्सो, आयसिन, एनजीके. असा पुरवठादार तोच पार्ट स्वतःच्या डब्यात घालून विकतो, तेव्हा तो ओईएम (ओरिजिनल इक्विपमेंट मॅन्युफॅक्चरर, म्हणजे मूळ पुरवठादाराचा). गाडी-कंपनीचा डबा, तिचं गोदाम आणि डीलरचं कमिशन वगळलं जातं, म्हणून तो स्वस्त. मालात काटकसर झालेली नसते.

जर्मन गाडीचा असा एखादा पार्ट तिरप्या उजेडात धरून पाहण्यासारखा असतो. ओतीव भागावर पुरवठादाराचं चिन्ह असतं, शेजारी ओतकामाचा नंबर, आणि कधी कधी त्याच्याजवळ ग्राइंडरने घासलेला एक चकचकीत चट्टा. तिथे गाडी-कंपनीचं चिन्ह होतं. साचा तोच आहे, पण दुसऱ्याचा ट्रेडमार्क असलेला माल आपल्या डब्यातून विकता येत नाही, म्हणून ते उडवलेलं असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा माल चोरीचा वाटतो! अर्थात नुसत्या चट्ट्यावर विसंबू नये. ग्राइंडर काय, नकली माल बनवणाऱ्याकडेही असतो. पुरवठादाराच्या स्वतःच्या चिन्हाचं म्हणाल तर युरोपीय महासंघाच्या ४६१/२०१० या नियमावलीत त्याला संरक्षण आहे: पार्टवर आपलं चिन्ह ठळकपणे लावायला गाडी-कंपनीने पुरवठादाराला मज्जाव करणं हे स्पर्धेवरचं गंभीर बंधन मानलं जातं.

खरी फसगत होते ती पुढच्या पायरीवर. डब्यावर मोठं नाव आहे म्हणून आतला पार्ट ओईएम ठरत नाही. तेच पुरवठादार अशा इंजिनांसाठीही पार्ट विकतात, ज्यांना त्यांनी कारखान्यात कधीच काही दिलं नव्हतं. तो माल वाईट असतो असं नव्हे, पण तो आफ्टरमार्केट झाला, म्हणजे कारखान्याच्या मूळ पुरवठ्याबाहेरचा, आणि त्याची किंमतही त्याच मापाने जोखायला हवी. म्हणून विक्रेत्याला ‘हा ओईएम आहे का?’ असं विचारून उपयोग नाही, उत्तर ‘हो’च येणार. विचारायचं ते असं: या इंजिनाला हा पार्ट कारखान्यात कोण पुरवत होतं? याचं सगळ्यात भरवशाचं उत्तर बहुधा जुन्या पार्टवरच असतं. गाडी पहिल्यापासून एकाच माणसाकडे असेल आणि इंजिन कधी खोललेलं नसेल, तर काढलेला पंप किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) फेकण्याआधी रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ करून त्यावरचं चिन्ह वाचावं. बेअरिंगच्या पाठीवर, गॅस्केटच्या कडेला, सेन्सरच्या प्लगशेजारी नाव सापडतं. ‘ओईएम क्वालिटी’ किंवा ‘ओई इक्विव्हलंट’ असं छापलेलं असेल, तर तो पार्ट ओईएम नाही हे डब्यानेच सांगून टाकलेलं आहे.

जुन्या गाडीत आणखी एक गुंता आहे, जो नव्या गाडीत सहसा येत नाही. तीस वर्षांत पुरवठादार बदलतात, साचे झिजतात, कारखाने विकले जातात. पार्टचा नंबर रद्द होऊन त्या जागी नवा येतो, आणि त्याच जेन्युइन डब्यातून आज निघणारा पार्ट गाडी बनली तेव्हाच्या पार्टपेक्षा वेगळ्या हातचा असू शकतो. म्हणजे ओईएम घेणाऱ्याच्या हाती मूळ पुरवठादाराचा पार्ट आणि जेन्युइन घेणाऱ्याच्या हाती दुसऱ्याच कोणाचा, असंही घडतं. शिवाय मूळचं ते उत्तमच असतं असंही नाही. नव्वदच्या दशकातल्या बीएमडब्ल्यूच्या सहा सिलिंडर इंजिनांतल्या वॉटर पंपाचा प्लॅस्टिकचा इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र) तडकतो, हे त्या गाड्या सांभाळणाऱ्यांना पाठ आहे. ते धातूच्या इम्पेलरचा पंप मुद्दाम हुडकतात.

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते इंजिनच मुळात दुसऱ्या गाडी-कंपनीचं असेल तिथे. लोटस एलिस १९९६ मध्ये रोव्हरचं के-सिरीज इंजिन घेऊन आली, पुढे तिच्यात टोयोटाचं २झेडझेड-जीई आलं, जे टोयोटाच्याच सेलिका गाडीतही होतं. अशा वेळी ओईएम म्हणजे खुद्द टोयोटा, आणि गॅस्केट किंवा पंप लोटसच्या नंबरवर शोधण्यापेक्षा टोयोटाच्या नंबरवर शोधलेला बरा. पोर्शे ९२४ च्या दोन लिटर इंजिनाचं मूळ ऑडीत आहे आणि ९१४ च्या चार सिलिंडर इंजिनाचं फोक्सवॅगनमध्ये. पहिल्या माझदा एमएक्स-५ चं १.६ लिटर इंजिन माझदाच्याच साध्या ३२३ गाडीच्या घराण्यातलं. पण इथे सांभाळून. ३२३ मध्ये ते आडवं बसतं, एमएक्स-५ मध्ये उभं, त्यामुळे पाणी बाहेर पडायची जागा आणि थर्मोस्टॅट माझदाने इंजिनाच्या पुढच्या टोकाला आणले. आतले पार्ट जुळतील, बाहेरचे जुळतीलच असं नाही. एलिसमध्ये इंजिन माणसाच्या पाठीमागे असतं, म्हणून पाण्याचे पाइप आणि एग्झॉस्ट लोटसचेच लागतात.

मग कुठे हात आखडू नये? पोर्शे ९४४ (१९८२ ते १९९१) घ्या. तिला दोन बेल्ट असतात, एक वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा, दुसरा इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा. कॅमचा बेल्ट तुटला की पिस्टन वॉल्व्हवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. तिथे जेन्युइन डब्याचा हट्ट नको, पण नामांकित पुरवठादाराच्या खाली उतरूही नये, आणि बेल्टबरोबर रोलरही बदलावेत. याच इंजिनाचा ब्लॉक अल्युसिलचा आहे. आत लोखंडी लायनर (सिलिंडरचं अस्तर) नाही. सिलिंडरची भिंत सिलिकॉनचं प्रमाण जास्त असलेल्या अॅल्युमिनियमची, आणि तिच्यावर चालायला पिस्टनच्या अंगावर लोहाचा मुलामा असतो. मुलामा नसलेला स्वस्त पिस्टन मापात चपखल बसेल, आणि भिंत खरवडून टाकेल. अशा ठिकाणी ‘साइज बरोबर आहे’ या आश्वासनाला काही अर्थ नाही.

नट-बोल्टचा प्रश्न सोपा आहे. पोर्शेच्या जुन्या नंबरांत पहिले तीन आकडे बहुधा तो पार्ट ज्या गाडीसाठी प्रथम बनला ती गाडी सांगतात, उदाहरणार्थ ९११ किंवा ९४४. ९०० ने सुरू होणारा नंबर सर्वसाधारण फास्टनरचा असतो. माप, आटे आणि ग्रेड जुळवून तो कुठूनही घेता येतो. ताणून बसवायचे, एकदाच वापरायचे बोल्ट यातून वगळायचे.

कधी कधी जेन्युइनशिवाय गत्यंतर नसतं. एरवी कोणी बनवणार नाही असे काही पार्ट कंपन्यांनी पुन्हा काढायला घेतले आहेत: निसानने आर३२ स्कायलाइन जीटी-आरसाठी २०१७ मध्ये हेरिटेज पार्टची योजना आणली, टोयोटाने २०२० मध्ये ए७० आणि ए८० सुप्रासाठी. घाऊक उत्पादन नसल्याने किंमत चढी असते, आणि तिथे घासाघीस करण्यात वेळ घालवू नये.

याउलट ‘न वापरलेला जुना स्टॉक’ म्हणून येणाऱ्या जेन्युइन पार्टला भुलू नये. वीस वर्षं फळीवर पडलेलं ऑइल सील अजूनही जेन्युइनच असतं, फक्त त्याची रबरी कड ताठ झालेली असते. डबा उघडून नखाने दाबून पाहावं. लवचिक नसेल तर ते नुसतं डब्यासाठी विकत घेतल्यासारखं होईल. पिस्टन, बेअरिंग, वॉल्व्ह गाइड असे धातूचे पार्ट मिळतील तेव्हा घेऊन तेल लावून, गुंडाळून ठेवता येतात. सील, ओ-रिंग आणि बेल्ट मात्र इंजिन कधी खोलायचं हे ठरल्यावरच मागवावेत, आणि मागवताना उत्पादनाची तारीख विचारावी.