पण भूत होतं की नव्हतं?

कोथरूडच्या एका थिएटरचं पार्किंग, रात्रीचे पावणेबारा. इंग्रजी भयपट नुकताच सुटलेला. कॉलेजातली चार मुलं दोन गाड्यांना टेकून भांडत होती. ‘ती शेवटी मेली का?’ ‘अरे, ती पहिल्यापासूनच मेलेली होती.’ ‘मग आईला दिसत कशी होती?’ चौथा मुलगा हेल्मेट पोटाशी धरून एकच वाक्य म्हणत होता, ‘डोक्यावरून गेला राव.’ वॉचमनने शिट्टी मारली तेव्हा कुठे गाड्या सुरू झाल्या.

पोरासोरांभोवती फिरणाऱ्या, अर्धवट उलगडणाऱ्या भुताटकीच्या सिनेमाबद्दल हीच तक्रार दर वेळी ऐकू येते. अशी तक्रार करणारा प्रेक्षक बिनडोक असतो असं मला अजिबात वाटत नाही. त्याच्या तक्रारीमागे मोठा इतिहास आहे आणि त्यातला थोडा आपल्या घरचाच आहे.

आपण ज्या भुतांच्या गोष्टींवर वाढलो, त्यांत संशयाला जागा नव्हती. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तर त्याचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो. भूत कोणाचं, का झालं, कुठे राहतं, उतारा काय, सगळं ठरलेलं. धानोरीतल्या मुंजाबा वस्तीसारखी नावं पुण्याच्या नकाशावर आजही आहेत. शनिवारवाड्याचंही तेच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा ते अवघे १८ वर्षांचे होते. पौर्णिमेच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ ऐकू येतं म्हणतात, ते खरं मानणाऱ्यालाही हाक कोणाची आणि कशासाठी हे विचारावं लागत नाही. भुताला कारण असतंच, ही आपली धारणा आहे. पुण्याच्या नारायण धारपांनी (१९२५–२००८) मराठी वाचकाला कित्येक वर्षं घाबरवलं. त्यांच्या ‘समर्थ’ कथांतही अमंगळाचे नियम असतात आणि ते जाणणारा कोणीतरी असतो. वाचनालयातून आणलेलं ते पुस्तक रात्री संपवून दिवा मालवताना भीती वाटायची, पण गोंधळ उडालेला नसायचा.

गोंधळाची वाट दुसरीकडून आली. १८९८ मध्ये हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही लांबलचक कथा एका साप्ताहिकात क्रमशः छापून आली. एकाकी हवेली, दोन लहान मुलं आणि त्यांना सांभाळायला आलेली तरुण शिक्षिका. तिला दोन मेलेली माणसं दिसतात. मुलांनाही ती दिसतात, असं तिचं म्हणणं. जेम्सने दुजोरा कुठेच दिला नाही. १९३४ मध्ये समीक्षक एडमंड विल्सनने मांडलं की भुतं नव्हतीच, होतं ते त्या बाईच्या मनात. तेव्हापासून हा वाद मिटलेला नाही. आज पार्किंगमध्ये चालते ती भांडाभांडी त्याच वादाची नात म्हणायला हरकत नाही.

योगायोग असा की या कथेवरूनच निघालेला ‘द टर्निंग’ हा सिनेमा २०२० च्या जानेवारीत आला. त्यात मुलगा चांगला मिसरूड फुटण्याच्या वयाचा केलेला आहे. अमेरिकेत ‘सिनेमास्कोअर’ नावाची संस्था पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांच्या हातात कार्ड देऊन श्रेणी विचारते. प्रेक्षकांनी याला ‘एफ’ दिला, म्हणजे सरळ नापास. सव्वाशे वर्षं वाचक ज्या संशयावर जीव टाकत आले, तोच संशय पडद्यावर प्रेक्षकांना फसवणूक का वाटला असेल?

माझ्या मते उत्तर दोन सिनेमांच्या तुलनेत सापडतं. ऑस्ट्रेलियन लेखिका जोन लिंडसेची ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ ही कादंबरी १९६७ ची. १९०० साली शाळेच्या सहलीला गेलेल्या मुली खडकांत नाहीशा होतात. लिंडसेने शेवटच्या प्रकरणात उलगडा लिहिला होता, पण प्रकाशनापूर्वी ते प्रकरण गाळलं गेलं आणि तिच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये छापलं गेलं. दिग्दर्शक पीटर वेअरने १९७५ मध्ये या कादंबरीवर सिनेमा केला, तोही उत्तराविना. पुढे १९९८ मध्ये त्याला स्वतःची आवृत्ती काढायची संधी मिळाली, तेव्हा त्याने स्पष्टीकरण घातलं नाहीच, उलट सुमारे ७ मिनिटं कापली.

रिचर्ड केलीने नेमकं उलट केलं. त्याचा ‘डॉनी डार्को’ २००१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत लागला. शाळकरी मुलगा, सशाच्या मुखवट्यातली आकृती, जग संपायला उरलेले २८ दिवस आणि घरावर कोसळणारं विमानाचं इंजिन. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला जेमतेम दीड महिना झालेला. इंजिन कोसळण्याचं दृश्य कोणाला बघवणार? ४५ लाख डॉलरच्या सिनेमाने पहिल्या फेरीत ५ लाखांच्या आसपास कमावले. पण डीव्हीडी आली आणि मुलं तो मागे-पुढे करून पाहायला लागली. मध्यरात्रीचे खेळ लागले. २००४ मध्ये केलीने सुमारे २० मिनिटं लांब आवृत्ती आणली. त्यात गोष्टीतल्या एका काल्पनिक पुस्तकाची पानंच पडद्यावर दाखवून काळाचं कोडं समजावलं. ज्यांनी ‘कळत नाही’ म्हणत तो दहादा पाहिला होता, त्यांतल्या अनेकांना जुनाच बरा वाटला.

प्रेक्षकाला उत्तर हातात नको असतं. उत्तर आहे, दिग्दर्शकाला ते ठाऊक आहे, एवढा भरवसा मात्र लागतो. तो मिळाला की माणूस गोंधळ आनंदाने सोसतो.

आणि तो भरवसा तुटायला धंदाही कारण असतो. १९७८ च्या ‘हॅलोवीन’नंतर तरुण पोरं हेच भयपटाचं मुख्य गिऱ्हाईक आहे, हे निर्मात्यांना पक्कं कळलं. १९८४ मध्ये दिग्दर्शक वेस क्रेव्हनला ‘ए नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’चा शेवट साधा हवा होता: सगळं वाईट स्वप्न होतं आणि मुलगी त्यातून बाहेर आली. निर्माता रॉबर्ट शे याला पुढच्या भागासाठी दार उघडं हवं होतं. वेगवेगळे शेवट चित्रित झाले आणि तडजोडीचा एक ठेवला गेला. स्वप्न कुठे संपलं, हे तेव्हाही प्रेक्षकाला नीट कळलं नाही. पुढच्या भागाची सोय म्हणून अर्धवट सोडलेला शेवट ही तेव्हापासून रीतच पडली. ‘शेवट गंडलाय’ असं प्रेक्षक म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या नाकाला हाच वास आलेला असतो.

आपल्याकडे यात आणखी दोन अडचणींची भर पडते. एक मध्यंतराची. हे सिनेमे सलग पाहण्यासाठी रचलेले असतात. संशय हळूहळू चढत असतो आणि नेमके दिवे लागतात. सामोसे येतात, रांगेतून कोणीतरी फोनवर बोलत जातो. परत अंधार होतो तेव्हा मघाचा धागा हातातून गेलेला असतो.

दुसरी प्रमाणपत्राची. गोष्ट सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची, पण ‘ए’ प्रमाणपत्र मिळालं की त्याच वयाच्या मुलांना थिएटरचं दार बंद. २०२४ च्या नियमांनी ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे पाडले, त्याने थोडी वाट मोकळी होईल. एरवी ही मुलं हे सिनेमे घरी, पांघरुणात, मोबाइलवर पाहतात. माझी बारावीतली भाची ‘डॉनी डार्को’ असाच बघत होती. आवाज बारीक, एक कान दाराकडे. अर्ध्या तासात तिने चार वेळा मागे नेऊन तोच प्रसंग पाहिला. मी म्हटलं, ‘शेवट सांगू का?’

‘मामा, प्लीज नको,’ ती मान वर न करता म्हणाली, ‘मला जरा अर्थ लागू दे.’