ठणठणीत बाळाचं रक्त कशाला तपासायचं?

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात दोन लहान भावंडांच्या रक्तात शिसं जास्त निघालं. दोघंही व्यवस्थित खातपीत होती, घरभर धुडगूस घालत होती. आजारी होती म्हणून नव्हे, तर त्या वयात करायची म्हणून ही तपासणी झाली होती. मग सरकारी तपासनीस घरी आले. अशा वेळी संशयित ठरलेले असतात: १९७८ च्या आधीचा भिंतीचा रंग (त्या वर्षी अमेरिकेत घरांच्या रंगातल्या शिशावर बंदी आली), खिडकीच्या चौकटीतली धूळ, अंगणातली माती, नळाचं पाणी. इथं त्यातलं काहीच जुळेना. शेवटी लक्ष गेलं ते मुलं आवडीनं चोखून खात होती त्या दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गराच्या पाऊचकडे.

माल इक्वाडोरहून आलेला होता. गरात दर दहा लाख भागांत २ भागांहून थोडं जास्त शिसं होतं, आणि त्यातल्या दालचिनीत तर ५,००० च्या वर. सोबत क्रोमियमही सापडलं, म्हणजे भेसळ बहुधा लेड क्रोमेटची, त्या झगझगीत पिवळ्या रंगद्रव्याची. पुढं देशभरातून ५०० च्या वर खात्रीची आणि संशयित प्रकरणं नोंदली गेली. हा माल ना बंदरावर अडला, ना दुकानात. तो पकडला गेला रक्ताच्या एका नेहमीच्या तपासणीमुळे.

'मूल ठणठणीत आहे, मग त्याला सुई कशाला टोचायची?' हा आईबापांचा प्रश्न चुकीचा नाही. बहुतेक आजारांना तो लागूही पडतो. शिशाला पडत नाही. पोटात मुरडा, उलट्या, झटके ही पुस्तकात दिलेली लक्षणं दिसतात तेव्हा शिसं फार वर गेलेलं असतं. मेंदूचं नुकसान त्याच्या खूप आधी सुरू होतं, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

थोडं गणित करू. अमेरिकेत रोगनियंत्रण केंद्र म्हणजे सीडीसी सध्या एका डेसिलिटर (१०० मिलीलिटर) रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम शिसं निघालं की सावध व्हायला सांगतं. दहा किलोच्या बाळाच्या अंगात साधारण ८०० मिलीलिटर रक्त असतं. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून २८ मायक्रोग्रॅम. आता त्या पाऊचकडे परत या: ७० ग्रॅम गर, त्यात सुमारे १५० मायक्रोग्रॅम शिसं. मोठ्या माणसाचं आतडं खाल्लेल्या शिशातलं १० टक्क्यांच्या आसपास आत घेतं, लहान मुलाचं ४० ते ५० टक्के. आत गेलेलं सगळंच काही रक्तात राहत नाही, तरी एका पाऊचनं केवढी उडी बसते ते यावरून कळेल.

मुलांचं आतडं इतकं उदार का? कारण वाढत्या अंगाला कॅल्शियम आणि लोह हवं असतं, आणि शिसं त्यांच्याच दारातून आत शिरतं. लोह कमी असलेल्या मुलाच्या आतड्यात लोह ओढून घेणारी प्रथिनं वाढतात, आणि ती शिसंही जास्त ओढतात. आपल्याकडे रक्तक्षय असलेली मुलं किती, हे वाचकांना सांगायला नको.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कॅल्शियमचा आयन आणि शिशाचा आयन दोघांवरही धन दोन प्रभार, आणि आकारही जवळपास: एकाची त्रिज्या सुमारे १.०० अँगस्ट्रॉम, दुसऱ्याची १.१९. पेशी कॅल्शियमचा वापर निरोप म्हणून करते. त्यासाठी ती एक खटाटोप सतत करत असते: आतलं कॅल्शियम बाहेर फेकत राहायचं, इतकं की पेशीच्या आत ते बाहेरच्यापेक्षा दहा हजार पटींनी कमी राहील. चेतापेशीच्या टोकाशी विजेचा झटका पोचला की कॅल्शियमची दारं क्षणभर उघडतात, आयन आत घुसतात, आणि सिनॅप्टोटॅग्मिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात. ते प्रथिन मग रसायनांनी भरलेल्या पुटिका (इवल्या पिशव्या) पेशीच्या पटलाला भिडवून फोडतं. रसायन शेजारच्या पेशीकडे जातं. निरोप पोचला. कॅल्शियम लगेच सुटतं, बाहेर फेकलं जातं, आणि जागा पुढच्या निरोपासाठी मोकळी होते.

सगळी खुबी या 'लगेच सुटण्यात' आहे. शिसं सुटत नाही. त्याच्या बाहेरच्या कक्षेत बंधात न अडकलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते. त्यामुळे ते वेडावाकडा आकार घेऊन ऑक्सिजनशी बंध जोडतं, आणि गंधक दिसला तर त्याहून घट्ट. सिनॅप्टोटॅग्मिनला ते कॅल्शियमपेक्षा कितीतरी पटींनी जोरात धरतं. प्रोटीन कायनेज सी या विकराचं (एन्झाइमचं) उदाहरण तर अंगावर काटा आणतं: ते जागं व्हायला कॅल्शियम मायक्रोमोलर प्रमाणात लागतं, शिसं पिकोमोलरमध्येच पुरतं, म्हणजे जवळजवळ दहा लाख पटींनी कमी. त्याच वेळी शिसं कॅल्शियमच्या दारांत अडकून खऱ्या कॅल्शियमचा रस्ता अडवतं. परिणाम दुहेरी: झटका आला तरी पुरेसं रसायन सुटत नाही, आणि झटका नसताना ते आपोआप ठिबकत राहतं. बिघडलेली दारावरची बेल, कोणी दाबली तर वाजत नाही आणि दारात कोणी नसताना वाजते.

मोठ्या माणसाच्या मेंदूत हा नुसता गोंगाट झाला असता. दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूत मात्र याच काळात चेतापेशींचे जोड प्रचंड संख्येनं तयार होत असतात. त्यातले कुठले ठेवायचे आणि कुठले छाटायचे हे कुठल्या जोडातून निरोप नीट जातो यावर ठरतं. त्यात शिकण्याच्या कामातला एनएमडीए नावाचा ग्राही (निरोप झेलणारं प्रथिन) आहे, त्यालाही शिसं रोखतं. निवड गोंगाटात होते, आणि नंतर शिसं उतरलं तरी ती निवड परत होत नाही.

हे पटायला वेळ लागला. १९६० च्या दशकात डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं असं मानत. मग ४०, ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५. शिसं तेच होतं, आपलं मोजमाप सुधारत गेलं. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, त्यातलं शिसं मोजलं, आणि ते जास्त असलेली, वरवर अगदी निरोगी मुलं बुद्धिचाचणीत आणि वर्गातल्या लक्षात मागं पडतात हे दाखवलं. २००५ मध्ये अनेक देशांच्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली तेव्हा आणखी एक विचित्र गोष्ट दिसली: २.४ वरून १० पर्यंत जाताना बुद्ध्यांक ३.९ गुणांनी घसरतो, पण १० वरून २० पर्यंत जाताना फक्त १.९ नं. पहिले काही मायक्रोग्रॅमच सगळ्यात महाग पडतात. ३.५ हा आकडासुद्धा सुरक्षिततेची रेषा नाही. अमेरिकेतल्या १ ते ५ वर्षांच्या मुलांपैकी वरच्या अडीच टक्क्यांना वेगळं काढणारी ती संख्याशास्त्रातली रेघ आहे.

म्हणून तपासणीची सक्ती. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतल्या प्रत्येक मुलाची १२ आणि २४ महिन्यांना तपासणी व्हावी असा अमेरिकी केंद्राचा नियम आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या राज्यांत ती सगळ्यांनाच लागू, त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी घरात पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराला डॉक्टर बाळाचं रक्त मागतात. ही दोन वयं उगाच निवडलेली नाहीत. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, उरलेलं हाडांत जाऊन वर्षानुवर्षं बसतं. एक चाचणी म्हणजे फक्त गेल्या काही आठवड्यांचा हिशेब. वर्षाचं मूल रांगतं आणि हात तोंडात घालतं, दोन वर्षांचं खिडकीपर्यंत पोचतं.

मिशिगन राज्याचा अशा सक्तीचा कायदा तर २०२३ चा. २०१४ मध्ये तिथल्या फ्लिंट शहराचं पाणी बदललं आणि जुन्या शिशाच्या नळांना गंज लागू न देणारं रसायन घातलंच गेलं नाही. पाणी ठीक आहे असं अधिकारी सांगत राहिले. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटीशा यांनी रुग्णालयात आधीच झालेल्या तपासण्यांचे आकडे काढले: ५ किंवा त्याहून जास्त शिसं असलेल्या मुलांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ वर गेलं होतं. तपासण्या झालेल्याच नसत्या तर हा ताळेबंद मांडायला त्यांच्याकडे काय होतं?

चाचणी तशी साधी. बोट साबणानं धुवायचं, आणि हे खरंच महत्त्वाचं, कारण बोटावरच्या धुळीतलं शिसं थेंबात मिसळलं की आकडा फुगतो. मग टोचून रक्ताचे दोन थेंब आम्लात मिसळायचे. लाल पेशी फुटतात आणि त्यांना चिकटलेलं शिसं मोकळं होतं. रक्तातलं जवळजवळ सगळं शिसं या पेशींतच असतं. यंत्र विद्युतदाब देऊन ते इलेक्ट्रोडवर जमा करतं आणि लगेच उलटा दाब देऊन काढून घेतं. निघताना वाहिलेल्या विजेवरून आकडा मिळतो, तीनेक मिनिटांत. दवाखान्यातलं सर्वात रुळलेलं यंत्र ३.३ च्या खालचा आकडा सांगूच शकत नाही, आणि सावधानतेची रेघ ३.५ वर! म्हणून जास्त निघालं की शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत खात्री करावी लागते.

जास्त निघालं तर औषध? इथं कडू सत्य आहे. २० ते ४४ मायक्रोग्रॅम शिसं असलेल्या ७८० मुलांवर सक्सिमर या शिसं अंगाबाहेर काढणाऱ्या औषधाची चाचणी झाली. रक्तातलं शिसं उतरलं, बुद्धिचाचणीत फरक पडला नाही. म्हणून ही औषधं साधारण ४५ च्या वरच विचारात घेतात. कोथिंबिरीचा रस पिऊन 'जड धातू बाहेर' काढणाऱ्या व्हिडिओंना तर कसलाच आधार नाही. उलट आपल्याकडे शिसं मुद्दाम पोटात घेतलं जातं: नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म. शोधन-मारण हे आयुर्वेदातले संस्कार केल्यावर ते विषारी राहत नाही असं म्हणतात. पण अणूला संस्कार लागत नाहीत. भाजलं तरी शिसं शिसंच राहतं, आणि जठरातलं आम्ल त्यातलं काही विरघळवतंच. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आयुर्वेदिक गोळ्यांमुळे शिसं वाढलेल्या सहा गरोदर बायका सापडल्या, त्यातल्या बहुतेक भारतात जन्मलेल्या. शिसं वारेतून थेट गर्भात जातं.

सक्तीविरुद्धचा आक्षेपही खरा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानं म्हटलं की लक्षणं नसलेल्या मुलांच्या सरसकट तपासणीचा फायदा ठरवायला पुरावा अपुरा आहे. मूल आधी विष खाणार आणि मग आपण ते मोजणार, हा क्रमच उलटा. भिंत आधी तपासा, हे मला मान्य आहे. पण दालचिनीचा पाऊच कुठल्याही भिंतीच्या यादीत नव्हता.

आणि भारतात? १९९९ मध्ये जॉर्ज फाउंडेशन या संस्थेनं मुंबईसह मोठ्या शहरांत मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांत १० किंवा त्याहून जास्त शिसं निघालं. २००० मध्ये शिशाचं पेट्रोल गेलं, घरगुती रंगांवर २०१७ पासून ९० पीपीएमची (दर दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली. तरी २०२० च्या युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे देशातल्या २७.५ कोटी मुलांच्या रक्तात ५ पेक्षा जास्त शिसं आहे. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न व औषध प्रशासनानं) भारतातून गेलेल्या काही हिंडालियमच्या भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं म्हणून इशारा दिला, आणि ती बातमी इथल्या कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरली. भांडी बदलायची का, यावर चर्चा झाली. मुलांचं रक्त तपासायचं का, यावर क्वचितच.

सगळ्या देशात एकदम सक्ती करा असं मी म्हणणार नाही. शिरेतल्या रक्ताची खात्रीची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांपलीकडे फारशा नाहीत. पण वेळापत्रक तयार आहे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, आणि त्यासाठी बाळ अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात येतंच. जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणाऱ्या वस्त्यांपासून सुरुवात करून त्याच फेरीत बोटाचे दोन थेंब घेता येतील.