ओल्या थंडीतले पायमोजे

पौषातल्या रात्री ओलिताची वीज येते आणि विदर्भातला शेतकरी गमबूट चढवून, खांद्यावर फावडे टाकून गव्हाच्या वावरात उतरतो. पारा १० अंशांच्या खाली गेलेला असतो, आणि एका वाफ्याचे पाणी दुसऱ्यात वळवता वळवता बुटाच्या काठावरून केव्हा आत शिरते ते कळतही नाही. थंड समुद्रात शिडाची होडी हाकणाऱ्याच्या पायांचे हाल याहून फार वेगळे नसतात. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नला वळसा घालताना त्यांना दक्षिणेकडचा असाच ओला गारठा भेटला होता. तिथले पाणी खारे आणि पाटाचे गोडे, एवढा भेद सोडला तर कोडे एकच आहे: बाहेर थंड पाणी, रबरी बुटात कोंडलेला घाम, आणि काम संपेपर्यंत घर गाठण्याची सोय नाही.

मोजा स्वतः ऊब निर्माण करत नाही. तो पायाची ऊब अडवून धरतो, आणि तेही धाग्यापेक्षा धाग्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक सहजतेने उष्णता वाहून नेते, म्हणून हवेची जागा पाण्याने घेतली की जाड मोजाही निरुपयोगी ठरतो. त्यातच शरीर काळीज आणि मेंदू उबदार ठेवण्यासाठी पायांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेते, त्यामुळे बोटे बधिर होतात. पहिल्या महायुद्धात चिखलाच्या खंदकांत उभ्या राहिलेल्या हजारो सैनिकांचे पाय, पाणी गोठलेले नसतानाही, केवळ दीर्घकाळ ओले आणि थंड राहिल्यामुळे निकामी झाले. आपल्याकडच्या चिखल्या त्यामानाने किरकोळ, परंतु सतत ओली राहिलेली कातडी किती लवकर हार मानते, हे त्यांच्यावरूनही दिसते.

कापसाच्या मुलुखात राहून कापसाविरुद्ध लिहिणे जड जाते, तरी लिहिले पाहिजे: ओल्या थंडीत सुती मोजा घालू नये. कापसाचा धागा पाणी आवडीने पितो, भिजला की त्याचा फुगीरपणा जातो आणि तो पायाला चिकटून बसतो. लोकरीची घडण निराळी आहे. तिचा प्रत्येक तंतू मुळातच कुरळा असतो, त्यामुळे पिळून काढल्यावरही मोजा पुन्हा फुगतो आणि हवा धरतो. तंतूच्या पृष्ठभागावरचे मेणचट खवले पाण्याचा थेंब दूर ठेवतात, तर आतला गाभा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प शोषूनही हाताला ओला लागत नाही. शोषताना थोडी उष्णताही बाहेर पडते. मेंढपाळ भर पावसात घोंगडे पांघरून उभा राहतो, त्यामागेही हेच गुण आहेत. अर्थात लोकर भिजली तरी गरमच राहते, हा समज अर्धाच खरा आहे. पाण्याने निथळणारी लोकरही पाय गार करते, फक्त सुतापेक्षा कमी.

घोंगड्याची लोकर मात्र पायाला बोचते, कारण साधारण ३० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू कातडीला टोचतात. मेरिनो मेंढीची लोकर २० मायक्रॉनच्या आसपास असते आणि म्हणूनच महागही.

टिकाऊपणाचा हिशेब थोडा उलटा आहे. कापूस ओला झाला की अधिक मजबूत होतो, लोकर मात्र ओली असताना कमजोर पडते, आणि बुटात घासून आधी टाच आणि अंगठाच फाटतो. म्हणून चांगल्या मोज्यात लोकरीबरोबर पाव हिश्शाच्या आसपास नायलॉन असते, आणि टाच-चवड्याला वीण दाट असते. निव्वळ लोकरीचा मोजा ऐकायला भारी वाटतो, पण वावरात एक हंगाम काढणे त्याला कठीण जाते.

आठवडी बाजारात ‘वुलन’ म्हणून मिळणारे मोजे बहुतेक वेळा ॲक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. ते टाकाऊ नसतात, कारण हा धागा पाणी फारसे शोषत नाही. पण भाव लोकरीचा देऊ नये. खात्री करायची तर आतला एक सुटा धागा चिमट्यात धरून पेटवावा. केस जळल्यासारखा वास आला आणि चुरडता येईल अशी काळी राख उरली तर ती लोकर. वितळून कडक मणी झाला तर तो कृत्रिम धागा. कागदासारखा जळून मऊ राख पडली तर कापूस.

दोन जोड्या एकावर एक चढवून बूट घट्ट करण्यात उलट तोटा आहे: दाबाने हवाही जाते आणि रक्तप्रवाहही अडतो. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत. जाड मोजा घालायचा तर गमबूट एक नंबर मोठा घ्यावा. कोरडी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जवळ ठेवावी आणि मध्यरात्री बदलावी. समुद्रावर मोजे गोड्या पाण्यात खळबळून घ्यावे लागतात, कारण धाग्यात उरलेले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि मोजा पुरता वाळतच नाही.

धुताना गार पाणी घ्यावे, पिळू नये, आणि शेकोटीवर वाळवू नये. गरम पाणी आणि घासणे एकत्र आले की लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि मोजा आटतो. माझी पहिली लोकरी जोडी मी कढत पाण्यात भिजवून मोगरीने बडवली होती. ती आता घरातल्या पाच वर्षांच्या पोराला बरोबर बसते.