एक गोळी काकांना, एक शेरूला

इंदूरच्या रामबागेतले आमचे शेजारी काका आणि त्यांचा नऊ वर्षांचा लॅब्राडॉर शेरू, दोघांचं दुखणं एकच निघालं: प्रोस्टेट वाढलंय. काका रात्रीतून चारदा लघवीला उठतात. शेरूची तक्रार वेगळी. तो शी करायला बसला की कुंथतच राहतो आणि होते ती फितीसारखी चपटी. ही ग्रंथी मूत्रनळीला वेढून असते. माणसात ती आतल्या बाजूनं वाढून नळी आवळते. कुत्र्यात बाहेर फुगते आणि गुदाशयाला रेटते. कधी लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब गळतात, तेव्हा घरच्यांचं धाबं दणाणतं.

वयाबरोबर आपसूक प्रोस्टेट वाढणारे प्राणी मोजकेच, त्यात माणूस आणि कुत्रा. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून दाखवलं, की ही ग्रंथी वृषणांतल्या संप्रेरकावर पोसली जाते. प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या संप्रेरक उपचारांसाठी त्यांना १९६६ साली नोबेल मिळालं.

पण हे संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, इथे एकटं काम करत नाही. सराफ्यातला हलवाई दूध आटवून रबडी करतो, तसं ५-अल्फा रिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं डीएचटी नावाचं संप्रेरक करतं, आणि प्रोस्टेटला फुगवते ती ही रबडी. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत हे विकर जन्मतःच कमी होतं. तिथल्या पुरुषांचं प्रोस्टेट लहानच राहतं, हे १९७४ मध्ये उजेडात आलं आणि त्या वाटेनं फिनास्टेराइड हे औषध आलं. ते हलवाईला सुट्टी देतं, दूध तसंच राहतं. म्हणून पैदाशीच्या कुत्र्यालाही चालतं. चारेक महिन्यांत ग्रंथी बरीच आक्रसते. गोळी थांबवली की पुन्हा वाढते.

युरोपात कुत्र्यांसाठी ऑसाटेरॉन हे औषध आहे: सात दिवस गोळ्या, असर पाचेक महिने. डेस्लोरेलिन या औषधाचा दाणा कातडीखाली बसवतात. त्यानं सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उलट चढतं, मग उतरतं.

पिल्लं नको असतील, तर माझं मत ऑपरेशनकडे. वृषणं काढली की काही आठवड्यांत प्रोस्टेट निम्म्यावर येतं. काका ऐकेनात. "होळकरांच्या गावात खंडोबाच्या कुत्र्याला सुरी लावायची?" यावर मी काय बोलणार! मात्र सोनोग्राफी आधी करायला लावली. जंतुसंसर्ग किंवा कर्करोग असेल तर फिनास्टेराइड कामाचं नाही, आणि कर्करोग ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांनाही होतो. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेरूची तपासणी झाली, साधी वाढच निघाली.

डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिली ती काकांचीच फिनास्टेराइडची पाच मिलिग्रॅमची गोळी. तरी स्वतःच्या पाकिटातली परस्पर देऊ नका, असं बजावलं. आधी शेरूला औषध सूनबाई भरवायच्या. त्यांना दिवस गेलेत, आणि तुटलेल्या गोळीला गरोदर बाईनं हात लावायचा नसतो, कारण पोटातल्या मुलग्याची घडण बिघडू शकते. आता रोज सकाळी काकाच तूप लावलेल्या पोळीत गोळी गुंडाळतात.