यंत्रमानव खोटा, दगड खरा

मार्च 1988 मध्ये जपानात ‘मोबाइल सूट गंडम: शार्स काउंटरअटॅक’ हा अ‍ॅनिमेशनपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. ‘गंडम’सारखे, आत बसून चालवायचे अजस्र यंत्रमानव अंतराळात एकमेकांवर तुटून पडतात, हे त्याचं मुख्य आकर्षण. पण विज्ञानाच्या काट्यावर तोलायला घेतलं की पारडं दुसऱ्याच शस्त्राकडे झुकतं. ते शस्त्र म्हणजे दगड.

आधी यंत्रमानव. माणूस लांबी, रुंदी, जाडी अशा तिन्ही बाजूंनी 10 पट वाढवला, तर तळपायांचं क्षेत्रफळ 100 पट वाढतं, वजन मात्र 1000 पट. म्हणजे घोट्यावरचा ताण 10 पट. गॅलिलिओने 1638 मध्येच हे लिहून ठेवलंय. योकोहामात 2020 ते 2024 या काळात 18 मीटर उंचीचा हलणारा गंडम उभा होता. वजन 25 टन, पण कंबरेत मागून आधार दिलेला. तो सोडून तो चार पावलं काही चालला नाही.

अंतराळात गोष्ट थोडी बदलते. तिथे वजन पेलायचंच नसतं. उंचावरून पडणारं मांजर हवेतल्या हवेत अंग वळवून पायांवर उतरतं, तसं हातपाय हलवून इंधन न जाळता अंगाची दिशा बदलता येते. गंडमच्या कथाविश्वात हातापायांचं हेच समर्थन दिलंय आणि ते भौतिकशास्त्राला धरून आहे. मात्र तेवढ्यासाठी पाच बोटं कशाला हवीत, हे कुणी विचारू नये.

आता दगड. खलनायक शार अझ्नाबलला ‘अ‍ॅक्सिस’ नावाचा लघुग्रह पृथ्वीवर पाडून आण्विक हिवाळा आणायचाय, म्हणजे माणसं निमूटपणे अंतराळातल्या वसाहतींत जातील. ही कल्पना तेव्हा ताजी होती. अणुयुद्धातल्या आगींची काजळी सूर्यप्रकाश अडवेल, हा कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध 1983 चा.

हिशेब करून पाहा. 1 किलोमीटर व्यासाचा खडक धरू. वस्तुमान सुमारे दीडशे कोटी टन. पृथ्वीच्या ओढीने तो सेकंदाला साधारण 11 किलोमीटर वेगाने आदळला, तर हिरोशिमासारखे 15 लाख बॉम्ब एकदम फुटल्याएवढी ऊर्जा बाहेर पडेल. बारूद नाही, किरणोत्सर्ग नाही, नुसता वेग. आपल्या लोणारचं 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर याच कुळातलं, पण ते खोदणारा दगड याच्यापुढे खडाच. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनासोरांचा काळ संपवणारा मात्र 10 किलोमीटरच्या आसपास होता.

शेवटी अ‍ॅक्सिसचा एक तुकडा खाली येऊ लागतो आणि नायक अमुरो आपल्या गंडमनिशी त्याला मागे रेटायला धावतो. दृश्य थरारक आहे, वेळ मात्र साफ चुकलेली. नासाच्या ‘डार्ट’ यानाने 26 सप्टेंबर 2022 रोजी सुमारे 160 मीटरच्या डायमॉर्फस या लघुग्रहाला धडक दिली. त्याच्या वेगात फरक पडला सेकंदाला जेमतेम 3 मिलिमीटरचा. सरळ गुणाकार केला, तर असा धक्का 10 वर्षं आधी दिल्यास दगड 900 किलोमीटर बाजूला सरकतो. शेवटच्या 10 मिनिटांत दिल्यास, पावणेदोन मीटर.