आपत्कालीन सामुदायिक पाणीसाहाय्य अनुदान

आपत्तीमुळे छोट्या ग्रामीण वस्तीचे पिण्याचे पाणी तुटले, दूषित झाले किंवा लवकरच तुटेल अशी चिन्हे दिसू लागली, तर ते वाचवण्यासाठी अमेरिकेचे संघराज्य सरकार देते ती बिनपरतीची रक्कम. हे अनुदान कृषी खात्याच्या ग्रामीण विकास विभागातील ग्रामीण सुविधा सेवा ही यंत्रणा देते. पाण्याच्या योजनेला शेतीच्या खात्याने पैसे देणे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण त्या देशात खेड्यांची वीज, दूरध्वनी आणि नळयोजना यांसाठी कर्ज देण्याचे काम अनेक दशके याच खात्याकडे आहे.

अनुदानाला आधार आहे तो एकत्रित शेती व ग्रामीण विकास कायद्याच्या कलम ३०६ अ चा. १९८८ च्या मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी, १९८९ च्या आपत्ती साहाय्य कायद्याने हे कलम घातले गेले. २००२ च्या कृषी कायद्यात त्याच्या नावात आणि मजकुरात ‘येऊ घातलेली’ आपत्ती आली. माझ्या मते या योजनेच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा बदल हाच आहे. विहिरीची पातळी महिन्यामागून महिना खाली चालली असताना पंप हवा ओढू लागेपर्यंत थांबायचे आणि मग अर्ज करायचा, ही सक्ती त्यामुळे गेली.

दुष्काळ, पूर, भूकंप, चक्रीवादळ, रोगाची साथ, रसायनांची सांड किंवा झिरप अशा घटना अनुदानास पात्र ठरतात. राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केलेली असणे आवश्यक नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण चारशे वस्तीच्या गावाची एकुलती एक विंधनविहीर कोसळली तर ती त्या गावापुरती पूर्ण आपत्ती असते, पण राजधानीतून कोणी तिची घोषणा करत नाही.

आपत्तीत पाणी जाते ते एकाच रीतीने नव्हे. पुरात उद्भवाजवळ, म्हणजे योजना जिथून पाणी घेते त्या विहिरी-नदीजवळ, पाणी मुबलक असते, पण विहिरीचे तोंड बुडाले की गाळ आणि मैला आत शिरतो, गढूळपणा वाढतो आणि क्लोरिनची नेहमीची मात्रा पुरेनाशी होते. भूकंपात आणि कडाक्याच्या थंडीत उद्भव शाबूत राहतो, वाहिन्या फुटतात. वीज गेली की पंप थांबतात, वाहिन्यांतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की बाहेरचे दूषित पाणी सांध्यांतून व भेगांतून आत ओढले जाते. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये गोठवणाऱ्या थंडीत असेच घडले. एक कोटीहून अधिक लोकांच्या पाणीपुरवठ्यावर परिणाम झाला आणि पाणी उकळून पिण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. वणव्याचा धोका उशिरा लक्षात आला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइज शहर जळाले, तेव्हा दाब गेलेल्या वाहिन्यांमध्ये बेन्झीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये आढळली.

उकळणे हा प्रत्येक वेळी उपाय नसतो, हे इथे ठासून सांगायला हवे. जंतूंसाठी पाणी एक मिनिट खळखळ उकळणे पुरते. समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरहून उंचावर तीन मिनिटे लागतात. पण २०१४ च्या ऑगस्टमध्ये ओहायोतील टोलेडो शहराच्या पाण्यात नील-हरित शेवाळाचे विष आले, तेव्हा लोकांना पाणी उकळू नका असे सांगावे लागले, कारण पाणी आटते आणि विष राहते. त्याच वर्षीच्या जानेवारीत वेस्ट व्हर्जिनियात एल्क नदीत कोळसा धुण्याचे रसायन सांडले आणि सुमारे तीन लाख लोकांना नळाचे पाणी पिण्या-शिजवण्यालाच नव्हे, अंघोळीलाही वापरता येईना. अशा वेळी दुसरा उद्भव किंवा नवी शुद्धीकरण प्रक्रिया हाच मार्ग उरतो, आणि तो खर्चिक असतो.

वर नाव घेतलेली शहरे त्या वेळी या अनुदानाच्या कक्षेत बसत नव्हती. ते १०,००० पर्यंत लोकसंख्येच्या ग्रामीण भागांसाठी व गावांसाठी आहे. स्थानिक शासनसंस्था, ना-नफा संस्था आणि संघराज्याने मान्यता दिलेल्या आदिवासी जमाती अर्ज करू शकतात. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या, नळ व गटारांविना वाढलेल्या ‘कोलोनिया’ वस्त्याही त्यात येतात. त्या भागाचे मध्यक कौटुंबिक उत्पन्न, म्हणजे उत्पन्नाच्या क्रमात अगदी मधोमध येणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न, राज्याच्या महानगरेतर भागाच्या मध्यकापेक्षा जास्त असता कामा नये. निदान निम्मा निधी ३,००० पर्यंत लोकसंख्येच्या वस्त्यांसाठी राखायचा, असेही कायदा सांगतो.

लहान गावांना हे झुकते माप का, ते साध्या हिशेबातून कळते. नवी विहीर, पंपघर आणि शुद्धीकरण मिळून दहा लाख डॉलर लागले असे समजा. दोन लाख नळजोडण्यांच्या शहरात एका जोडणीवर पाच डॉलरचा भार पडतो. दोनशे जोडण्यांच्या गावात तोच भार पाच हजार डॉलर होतो. अमेरिकेत सुमारे ५०,००० सामुदायिक पाणीयोजना आहेत. वर्षभर राहणारी २५ माणसे किंवा १५ जोडण्या असल्या की योजनेला सामुदायिक म्हणतात, आणि यांतल्या बहुसंख्य योजना अशा छोट्याच आहेत. तिथे अनेकदा एकच माणूस पंप चालवतो, क्लोरिन टाकतो, मीटर वाचतो आणि फुटलेली वाहिनीही खणतो. २०१८ च्या जलसुविधा कायद्याने धोक्याचे मूल्यांकन आणि आपत्कालीन आराखडा बंधनकारक केला तो ३,३०० हून अधिक लोकांना पाणी देणाऱ्या योजनांनाच. त्याखालच्या योजनांकडे संकटाच्या दिवशी पैसाही नसतो आणि बहुधा लिहिलेला आराखडाही नसतो.

अनुदानाच्या दोन कमाल मर्यादा आहेत. वाहिनी वाढवणे, फूट व गळती दुरुस्त करणे आणि त्यासंबंधीची देखभाल यांसाठी १,५०,००० डॉलर. नवा उद्भव, पाणी उचलण्याची व्यवस्था किंवा शुद्धीकरण केंद्र यांसाठी १०,००,००० डॉलर. ही दुसरी मर्यादा पूर्वी ५,००,००० होती. २०१८ च्या कृषी कायद्याने ती दुप्पट केली. मर्यादेच्या आत प्रकल्पाचा पूर्ण खर्च मिळू शकतो, गावाला स्वतःचा हिस्सा घालण्याची अट नाही. वरचा खर्च मात्र गावाने अन्य मार्गाने उभा करायचा. वीजबिल, पगार असे दरवर्षीचे चालू खर्च यातून भागवता येत नाहीत.

अर्ज वर्षभर राज्य कार्यालयांत घेतले जातात. पाण्याच्या प्रमाणात किंवा प्रतीत मोठी घट झाल्याचे दाखवावे लागते, आणि घट झाली असेल तर ती अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतली असावी लागते. शक्यतो ६० दिवसांत अर्ज निकाली काढावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. सरकारी कामाच्या मानाने ही मुदत चांगली आहे, तहानेच्या मानाने फार लांब आहे. अभियंत्याचा अहवाल आणि पर्यावरणीय तपासणीही लागते. ती कागदपत्रे एकट्या पंपचालकाने जमवणे कठीण असते. त्यामुळे गावोगाव फिरून तांत्रिक मदत करणाऱ्या ‘सर्किट रायडर’ मंडळींचे महत्त्व मोठे आहे. त्यांचा उपक्रम कृषी खात्याच्याच पैशातून १९८० पासून चालू आहे.

निधीच्या वेळापत्रकात एक उणीव आहे. ग्रामीण पाणी व सांडपाणी अनुदानाच्या वार्षिक तरतुदीतून ३ ते ५ टक्के रक्कम या कामासाठी राखून ठेवतात, पण ती राखीव राहते १ जुलैपर्यंतच. आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेर संपते, म्हणून उरलेला पैसा वेळेत खर्च व्हावा हा हेतू समजण्याजोगा आहे. तरी अटलांटिकची चक्रीवादळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऐन भरात असतात, पश्चिमेकडील वणवेही त्याच सुमाराला पेटतात. राखीव ठेव नेमकी त्या तोंडावर सुटते, हे योग्य नाही.

आपत्तीनंतर पैसा देणारे इतर मार्गही आहेत. संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्था सार्वजनिक सुविधांच्या दुरुस्तीचा निदान ७५ टक्के खर्च उचलते, पण त्यासाठी राष्ट्राध्यक्षांची घोषणा लागते आणि पैसा बहुधा खर्चाची प्रतिपूर्ती म्हणून येतो. १९९६ मध्ये सुरू झालेला पेयजल फिरता निधी, ज्यात फेडलेले हप्ते पुन्हा कर्जाऊ दिले जातात, मुख्यतः कर्ज देतो. ज्या गावाच्या तिजोरीत आधी खर्च करायला काही नाही आणि हप्ते फेडायला ग्राहक नाहीत, त्याला या दोन्हींपेक्षा हे छोटे अनुदान जवळचे वाटते.

खासगी विहिरीच्या एकट्या मालकाला मात्र त्यातून काही मिळत नाही. शेजारच्या योजनेने वाहिनी वाढवून त्याच्या घरापर्यंत आणली, तरच लाभ पोहोचतो. कॅलिफोर्नियाच्या २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात ईस्ट पोर्टरव्हिल या वस्तीत घरगुती विहिरी शेकड्यांनी आटल्या होत्या. लोकांनी अंगणात टाक्या ठेवून आणलेल्या पाण्यावर दिवस काढले. शेवटी शेजारच्या पोर्टरव्हिल शहराच्या नळयोजनेला सातशेहून अधिक घरे जोडली गेली. तो खर्च प्रामुख्याने राज्य सरकारने केला होता.